सदर बंद, जाहिरात चालू: मराठी दैनिकांच्या संपादकांना व मालकांना खुले पत्र

मा. संपादक, मालक आणि जाहिरात व्यवस्थापक,
समस्त मराठी दैनिके, यांस

स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली २७ वर्षे औषधांचे दुकान चालवतो. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. घरी आणि दुकानात मिळून तीन मराठी दैनिके येतात आणि तीनही मी मथळ्यापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतो. तेव्हा हे पत्र कोणा तिऱ्हाइताचे नसून घरच्याच वाचकाचे आहे असे समजावे. विषय पुरुषाच्या शरीराचा, त्यातही शिश्नाच्या आकाराचा आहे, आणि तो चारचौघांत काढण्याजोगा नाही असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु मी वापरणार आहे त्याहून कितीतरी भडक शब्द आपल्या अंकात रोज छापले जातात. त्या शब्दांचे पैसे कोणीतरी भरलेले असतात, एवढाच काय तो फरक.

पत्राला निमित्त घडले ते असे. मी घेतो त्यांपैकी एका दैनिकाच्या साप्ताहिक पुरवणीत एक डॉक्टर वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत असत. उत्तरे चार-सहा ओळींची, साधी आणि बहुधा 'यात काही आजार नाही' एवढीच असत. गेल्या उन्हाळ्यात ते सदर बंद झाले. खाली चौकटीत खुलासा होता, की घरातील सर्वांनी मिळून वाचावयाच्या अंकाला हा मजकूर शोभत नाही अशी काही वाचकांची सूचना आली होती. ठीक आहे, असे मी म्हटलेही असते. पण त्याच दिवशीच्या मुख्य अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर, 'स्थळे' आणि 'प्लॉट विकणे' यांच्या मधल्या रकान्यात, ठळक टायपात प्रश्न होता : 'लिंग लहान, बारीक, वाकडे? निराश होऊ नका.' खाली तीस दिवसांत आठ इंचांची हमी, जपानी मशीन मोफत, फरक न पडल्यास पैसे परत आणि एक मोबाइल क्रमांक. त्या खालच्या जाहिरातीत एक 'सुप्रसिद्ध गुप्तरोगतज्ज्ञ' महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी एस.टी. स्टँडसमोरच्या लॉजवर सकाळी १० ते ४ भेटणार होते. शंकेचे उत्तर घरात चालत नाही आणि शंकेचा बाजार चालतो, हे मला समजले नाही. एका महिन्यातील अशी ११ कात्रणे कागदावर चिकटवून मी त्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात नेऊन दिली. पंधरा दिवसांनी उत्तर आले : जाहिरातीतील दाव्यांची खातरजमा वाचकांनी स्वतः करावी.

दैनिकाचे नाव मी लिहीत नाही. ते एकटे नाही, हे आपण सारे जाणता.

वाचकाने खातरजमा करावी म्हणजे काय करावे, हे मी अनुभवाने सांगू शकतो, कारण ती एकदा मी केलेली आहे. १९९५ साली मी पुण्यात फार्मसीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. म्हणजे औषध कशाला म्हणतात हे शिकत होतो, परीक्षेत लिहीतही होतो. वसतिगृहाच्या सामाईक न्हाणीघरात इतर मुलांशी मनातल्या मनात तुलना करून मी स्वतःला कमी ठरवले होते आणि ते ठरवायला कोणत्याही पुस्तकाची मदत घेतली नव्हती. वर्तमानपत्रातल्या पत्त्यावर कार्ड टाकले. मेसच्या पैशांतून ४८५ रुपये मोजून व्ही.पी. (पैसे भरून घ्यायचे टपाल पार्सल) सोडवली. खोक्यात खाकी रंगाचे चूर्ण, तेलाची बाटली, आंबट-तेलकट वर्ज्य असल्याचे सांगणारा कागद आणि एक प्लॅस्टिकची नळी होती. नळीला रक्तदाब मोजण्याच्या यंत्राला असतो तसा रबरी फुगा, आणि बाजूने इंचांच्या खुणा असलेली चिकटपट्टी. चार दिवसांत त्वचेखाली रक्त साकळून जांभळे डाग पडले आणि लघवी करताना डोळ्यांत पाणी येऊ लागले. मग एका रात्री, दुसरे काही सुचेना म्हणून, मी कंपासपेटीतली पट्टी काढून त्या नळीला लावली. चिकटपट्टीवरचे आठ इंच खरे साडेसहा भरले. ज्याने ते यंत्र बनवले त्याने इंचच लहान केला होता.

हे कळल्यावर मी हसायला हवे होते. मी मात्र पुढे कितीतरी वर्षे लग्नाला या ना त्या कारणाने नकार देत राहिलो. घरच्यांना वाटले दुकान नवे आहे म्हणून. हा मजकूर मी पत्नीला विचारून लिहीत आहे. तिने मसुदा वाचला, एक वाक्य खोडले आणि बाकीचे राहू दे म्हणाली.

आता काउंटरच्या अलीकडून दिसते ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा तीन संध्याकाळी आला आणि तीनही वेळा खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेला. त्याला खोकला नव्हता. चौथ्या वेळी दुकान रिकामे होईपर्यंत तो कॅलेंडर वाचत उभा राहिला आणि मग मोबाइलच्या कव्हरमागून घडी घातलेले कात्रण काढून त्याने काचेवर ठेवले. घड्यांवर अक्षरे झिजली होती. 'काका, हे खरं असतं का?' एवढेच त्याने विचारले. वय २४, आयटीआय झालेला, एमआयडीसीत कायम नोकरी. घरचे स्थळे बघत होते, दोन मुली पसंत पडूनही तो नाही म्हणाला होता आणि त्याचे बाहेर कुठे तरी जुळले आहे या समजुतीने वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते. लॉजवरच्या माणसाला तो आधीच ११,००० रुपये देऊन बसला होता. त्याला काही झालेले नव्हते, हे मी सांगतो असे नव्हे. मी त्याला मिरजेला मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि त्यांनी तपासून तसे सांगितले. परत येऊन तो मला म्हणाला, की हे एक वाक्य पेपरात का नसतं?

तेच वाक्य आपण छापत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील डेव्हिड वील आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांतील १५,५२१ पुरुषांची मोजमापे एकत्र केली. स्वतः मोजून स्वतः सांगितलेले आकडे त्यांनी घेतले नाहीत. आरोग्य कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने मोजलेलेच घेतले. शिथिल अवस्थेत सरासरी लांबी ९.१६ सेंटीमीटर आणि ताठ अवस्थेत १३.१२ सेंटीमीटर निघाली, म्हणजे पाच इंचांच्या थोडीशी वर. ताठ अवस्थेतील मोजमापे त्यांतील थोड्याच पुरुषांची होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ढोबळ मानाने शंभरांतल्या पाच पुरुषांचीच लांबी १६ सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि पाचांचीच १० च्या आत राहते. उरलेले नव्वद जण या सहा सेंटीमीटरांच्या पट्ट्यात असतात. 'ते परदेशातले' असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्याकडचाही आकडा देतो. केरळमधील संशोधकांनी ३०१ पुरुषांचा अभ्यास करून २००७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ताठ अवस्थेतील सरासरी १३.०१ सेंटीमीटर आली. लंडन आणि केरळ यांच्यातले अंतर एक मिलिमीटर आहे, आणि त्या एका मिलिमीटरवर आपल्या जाहिरातदारांनी अख्खे न्यूनगंडाचे दुकान थाटले आहे. आठ इंच म्हणजे २० सेंटीमीटर. जे जवळजवळ कोणाकडेच नसते ते नसल्याची लाज प्रत्येकाला वाटावी, यावर हा धंदा चालतो.

मग मुलांना आपण कमी का वाटतो? एक तर माणूस स्वतःचे शरीर वरून पाहतो आणि दुसऱ्याचे समोरून. वरून पाहिलेली कोणतीही वस्तू आखूडच दिसते. ओटीपोटावर चरबी असेल तर मुळाकडचा भाग तिच्यात बुडतो, म्हणून तर डॉक्टर वरच्या बाजूने हाडापर्यंत पट्टी टेकवून मोजतात. शिथिल अवस्थेत लहान दिसणारे शिश्न ताठ होताना तुलनेने अधिक वाढते आणि मोठे दिसणारे कमी, त्यामुळे न्हाणीघरातल्या तुलनेला काही अर्थ उरत नाही. थंडी, भीती आणि धावपळ यांनीही ते तात्पुरते आक्रसते. शिवाय आता प्रत्येक खिशात मोबाइल आहे आणि त्यावर जी दृश्ये पाहून मुले शिकतात त्यांतले नट निवडलेलेच असतात त्या पाच टक्क्यांतले. थोडा बाक पुष्कळांना असतो. नाकावरून, अंगठ्यावरून किंवा पायाच्या मापावरून काही ओळखता येत नाही. उंची वाढवण्याचे चूर्ण आणि छाती भरण्याची पावडर त्याच रकान्यात विकली जाते, त्यांच्याविषयी मी आज लिहीत नाही.

जोडीदाराच्या समाधानाचे म्हणाल, तर अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५२,०३१ स्त्री-पुरुषांनी उत्तरे दिली. जोडीदाराच्या आकाराविषयी ८५ टक्के स्त्रिया समाधानी होत्या, स्वतःच्या आकाराविषयी पुरुष मात्र ५५ टक्केच. योनिमार्गाची लांबी एरवी ७ ते १० सेंटीमीटरच्या आसपास असते, संवेदना मुख्यतः त्याच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात आणि शिश्निकेत, म्हणजे क्लिटोरिसमध्ये असते. यावरून काय ते निघते. बाटल्यांवर घोडे छापणाऱ्यांनी वात्स्यायनाचे नाव फार वापरले आहे, पण त्यानेही आकारावरून पुरुषांचे शश (ससा), वृष (बैल) आणि अश्व (घोडा) असे प्रकार सांगताना उत्तम म्हटले ते परस्परांना जुळणाऱ्या जोडीला. अश्वाला म्हटले नाही.

तेल, चूर्ण, गोळी यांनी प्रौढ पुरुषाच्या शिश्नाची लांबी वाढत नाही. निर्वात पंपाला वैद्यकात जागा आहे ती ताठरता येत नसलेल्या रुग्णासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि ठराविक दाबाने. त्याने रक्त काही काळ भरते, ऊती वाढत नाहीत. काही लोक तेल किंवा पॅराफिन टोचून देतात, त्याच्या गाठी होऊन पुढे शस्त्रक्रियेने कापून काढाव्या लागतात. खरोखरच वैद्यकीय अर्थाने अतिलहान शिश्न असते, पण ते फार विरळ असते, त्याचे कारण बहुधा संप्रेरकांत असते आणि त्याचे निदान लहानपणी व्हायला हवे. त्या मुलांच्या आईबापांनाही आपल्या पानावर लॉजचाच पत्ता मिळतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार कायद्याची. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ साली झाला. त्याचे तिसरे कलम लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी असलेल्या औषधांच्या जाहिरातींना मनाई करते. ज्यांच्यावरील उपचारांची जाहिरात करता येत नाही अशा ५४ विकारांची यादी त्याला जोडलेली आहे आणि तीत नपुंसकत्वही आहे. आपले जाहिरात विभाग सांगतात, की यंत्र हे औषध नव्हे. कायद्यातली 'औषध' या शब्दाची व्याख्या कृपया वाचावी : शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली, अन्न सोडून, कोणतीही वस्तू तिच्यात येते. रबरी फुग्याची नळी त्यातच बसते. आणि मनाई फक्त जाहिरात देणाऱ्याला आहे असेही नाही; जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणताही भाग घेणाऱ्याला आहे. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. याखेरीज औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात लैंगिक अवयवाचा आकार आणि घाट सुधारणे हा दावा नाव घेऊन नोंदलेला आहे. तो कोणत्याही औषधाला करता येत नाही. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेप्रमाणे जाहिरातींसह अंकातील सर्व मजकुराला संपादक जबाबदार असतो. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात 'संपादक सहमत असतीलच असे नाही' असे छापल्याने १९५४ चा कायदा रद्द होत नाही.

जाता जाता एवढे नोंदवतो, की सरकारी चाळणी अलीकडे आणखी सैल झाली आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांच्या जाहिरातीआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी सक्तीची करणारा १७० वा नियम २०१८ मध्ये आला होता. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने केंद्राने तो वगळला, २७ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ११ ऑगस्ट २०२५ ला पतंजलीच्या जाहिरातींविरुद्धचे मूळ प्रकरणच बंद झाले तेव्हा स्थगितीही उठली. म्हणजे छापण्यापूर्वीचा शेवटचा माणूस आता आपल्या जाहिरात विभागातला लिपिकच आहे.

दुसरी तक्रार मला अधिक जिव्हारी लागते, कारण तिच्यात माणसे दगावू शकतात. ताठरता कमी होणे हे चाळिशीनंतर पुष्कळदा मधुमेहाचे, उच्च रक्तदाबाचे किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याचे पहिले लक्षण असते. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून त्या आधी तक्रार करतात. माझ्याकडचे एक गिऱ्हाईक, वय ४६, ऊस वाहतुकीचा व्यवसाय. आपल्या पानावरच्या पत्त्यावरून वर्षभर चूर्ण मागवत राहिले. दुकानात सहज ग्लुकोमीटर लावला तेव्हा उपाशीपोटी साखर २९० होती. ते वर्ष त्यांना कोणी परत देणार नाही. तरुणांची गोष्ट वेगळी असते : त्यांना बहुतेक वेळा भीतीने अपयश येते, अपयशाने भीती वाढते, आणि पहाटे आपोआप ताठरता येत असेल तर यंत्रणा शाबूत आहे एवढे सांगणारा कोणी भेटला तरी ते सुटतात. त्यांना 'लहानपणच्या चुकांचे परिणाम' असे छापून आपण उलट घाबरवता. हस्तमैथुनाने किंवा स्वप्नावस्थेने (झोपेत वीर्य जाण्याने) काहीही झिजत नाही. वीर्य गेले की शक्ती गेली या भीतीने खंगणाऱ्या भारतीय तरुणांच्या लक्षणसमूहाला चंदीगडचे मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. साठ वर्षे उलटून गेली आणि आपले जाहिरातदार अजून त्याच भीतीवर पोट भरतात. आणखी एक गोष्ट फार्मासिस्ट म्हणून सांगतो. अशा 'जडीबुटीच्या' गोळ्यांत गुपचूप सिल्डेनाफिल हे ताठरता आणणारे औषध मिसळलेले अनेकदा सापडले आहे. हृदयविकारासाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्या माणसाने तसली गोळी घेतली तर रक्तदाब इतका कोसळतो की तो जिवानिशी जाऊ शकतो. सिल्डेनाफिलची गोळी मी चिठ्ठीशिवाय दिली तर माझा परवाना जातो.

तिसरी तक्रार बातम्यांची, आणि ती छोटी आहे. २००६ च्या डिसेंबरात भारतीय पुरुषांना कंडोम मोठे पडतात अशी बातमी जगभर फिरली आणि आपल्याकडेही चवीने वाचली गेली. कंडोमची लांबी मुद्दाम सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त ठेवलेली असते, तळाशी थोडी गुंडाळी राहिली तरी चालते, हे साधे वाक्य त्या बातमीसोबत मला तरी कुठे वाचायला मिळाले नाही. माझ्या काउंटरवर ती बातमी अजून येते.

चौथी तक्रार बंद केलेल्या सदराची आहे, आणि इथे मला थोडे मागे जावे लागेल. र. धों. कर्वे यांनी १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक मराठीत चालवले, ते १९५३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत. वाचक पत्रांतून शंका विचारत आणि कर्वे त्यांना छापील उत्तर देत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो अशाच प्रश्नोत्तरांसाठी, ज्यांत हस्तमैथुनाविषयीचाही प्रश्न होता. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. त्या काळी उत्तर देणाऱ्याला सरकारने दंड केला होता. आज सरकारने काही न म्हणता आपण होऊन सदर बंद करता, याला मी प्रगती म्हणू की काय म्हणू? मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात डॉ. महिंदर वत्स यांनी ऐंशी ओलांडल्यावर हे काम हाती घेतले आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तोवर हजारो शंकांची उत्तरे दिली. इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला नव्वदीचे डॉक्टर मिळाले आणि मराठी वाचणाऱ्याला लॉजवरचा मंगळवार. शाळेत विचारावे तर २००७ साली राज्यातील शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम राजकीय विरोधापुढे थांबवण्यात आला. बापाला विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. मीही माझ्या मुलाशी पहिल्यांदा बोललो तेव्हा गाडी चालवत होतो आणि त्याच्याकडे न बघता बोललो.

म्हणून माझ्या मागण्या मांडतो. शिश्नाचा आकार, ताठरता, शीघ्रपतन आणि 'धातू' यांवरील औषधांच्या व यंत्रांच्या जाहिराती, तसेच लॉजवर मुक्काम करणाऱ्या फिरत्या 'तज्ज्ञांच्या' जाहिराती घेणे आजपासून बंद करावे आणि ते पहिल्या पानावर जाहीर करावे. एकाने बंद केल्या तर त्या दुसऱ्याकडे जातील, असे आपले व्यवस्थापक म्हणतात; तर सर्वांनी मिळून एकाच दिवशी बंद कराव्यात. आरोग्यविषयक कोणतीही जाहिरात घेताना देणाऱ्याचा औषध परवाना किंवा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक घ्यावा आणि तो जाहिरातीत छापावा. बंद केलेले शंका-समाधानाचे सदर पुन्हा सुरू करावे. मुख्य पुरवणीत लाज वाटत असेल तर छोट्या जाहिरातींच्याच पानावर, त्याच रकान्यात करावे, कारण ज्यांना ते हवे आहे ते तिथेच वाचतात. आणि आजवर छापलेल्या अशा जाहिरातींमुळे फसलेल्यांनी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कशी करावी, याची माहिती आठवड्यातून एकदा तरी द्यावी. ११ कात्रणांची एक प्रत मी त्या प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे, हेही आपल्या माहितीसाठी.

शेवटची मागणी व्यक्तिगत आहे. गेल्या महिन्यात मी त्याच दैनिकाच्या खिडकीवर स्वतःच्या पैशांनी एक छोटी जाहिरात द्यायला गेलो. लिपिकाने मजकूर दोनदा वाचला, आत जाऊन आला आणि म्हणाला, 'शिश्न हा शब्द बसत नाही, फॅमिली पेपर आहे.' त्याच्या समोरच्या पाटीवर दुसऱ्या दिवशीच्या पानाचे प्रूफ होते आणि त्यात 'लिंग' ठळक टायपात तीनदा होते. मी त्याला दोष देत नाही. त्याला जे सांगितले गेले ते त्याने मला सांगितले. तो मजकूर पुन्हा देत आहे. दर जो असेल तो मी भरतो, रविवारचा जादा दरही भरतो, जागा तीच हवी : 'स्थळे' आणि 'प्लॉट विकणे' यांच्या मधली.

'ताठ शिश्नाची सरासरी लांबी १३ सेंटीमीटर. थोडे कमी-जास्त असणे हा आजार नाही. तेल, चूर्ण, मशीन यांनी लांबी वाढत नाही. ताठरतेची तक्रार असल्यास साखर आणि रक्तदाब तपासा, सरकारी रुग्णालयात दाखवा. कोणाला पैसे पाठवू नका.'

आपला वाचक,
एक औषध दुकानदार, सांगली जिल्हा